पेवातली ज्वारी आणि माझा डावा पाय

माझा डावा पाय अजून माझ्याच अंगाला आहे, हे आधीच सांगून टाकते. आजारी असताना मी असली अनुभवकथनं वाचायला घेतली, तेव्हा मला शेवट आधी कळायला हवा असायचा, आणि लिहिणारे मात्र शेवटच्या पानापर्यंत ताटकळत ठेवायचे. तापानं फणफणलेल्या माणसाशी असला खेळ करू नये. तर पाय आहे. नडगीवर बोट बुडेल एवढा खळगा आहे, थंडीत ठणकतो, आणि लांब चालले की मी लंगडते. ज्यांना बघायचं त्यांनी खुशाल बघावं.

मी डॉक्टर नाही. सोलापुरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. ज्यांच्या घरात कुणाचं हाड नासलंय आणि खाटेभोवती उभं राहून सगळे दबक्या आवाजात बोलताहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. खाटेवरच्या माणसाला सगळं ऐकू येतं, एवढं पहिल्यांदा लक्षात ठेवा.

पेव

सुरुवात झाली ती दुष्काळात. माढ्याच्या बाजूला माझ्या मामांचं गाव आहे. रेशनवर परदेशातली लाल मिलो ज्वारी मिळत होती. तिची भाकरी थापताना कडा फाटायच्या, आणि अव्वा, म्हणजे माझी आई, ती भाकरी ताटात वाढताना तोंड फिरवायची. मामांनी बरीच वर्षं मिटून ठेवलेलं पेव उघडायचं ठरवलं, तेव्हा आम्ही दोघी तिकडे गेलो.

पेव म्हणजे जमिनीत खणलेली धान्याची खोल कोठी. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, त्यावर दगड, दगडावर माती. उघडल्यावर आतली कोंदलेली हवा जाऊ द्यायची, मग पेटता कंदील दोरानं खाली सोडायचा. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही.

कंदील तेवत राहिला. उतरलेल्या गड्यानं पाटीभर ज्वारी वर पाठवली. भिंतीलगतची ज्वारी ओल लागून काळी पडली होती, तिला आंबूस वास मारत होता. पण त्या काळ्या ढेकळांना चिकटूनच काही दाणे टणक आणि स्वच्छ राहिले होते. बाकीच्यांना खायला ज्वारी मिळाल्याचा आनंद झाला. माझ्या डोक्यात वेगळाच किडा वळवळला. शेजारचा दाणा कुजला, मग हा का नाही कुजला?

गव्हाच्या पिठात एक अगदी लहानसं प्रथिन असतं आणि ते जंतूंना मारतं, हे परदेशातल्या लोकांनी बऱ्याच वर्षांपूर्वी पाहिलं होतं. ते मी वाचलं होतं. बीला पळून जाता येत नाही. ओल्या मातीत, जंतूंच्या गराड्यात तिला पडून राहायचं असतं, तेव्हा तिच्यापाशी स्वतःचं काहीतरी हत्यार असणारच. गव्हात आहे, मग आमच्या ज्वारीत का नसेल, असं मला वाटलं.

"मी उतरते," मी म्हणाले.

"बाईमाणसानं पेवात उतरू न्हाय," मामा म्हणाले.

"मग कुठला दाणा घ्यायचा ते तुमच्या बाप्यांना कळतंय का?"

मी पदर खोचला आणि उतरले. हवे ते दाणे पिशवीत घेतले. दोर धरून वर येताना पाय घसरला आणि डावी नडगी पेवाच्या तोंडाच्या दगडावर सणकून आपटली. हाडापर्यंत खोक पडली. अव्वानं हळद भरली, वर फडकं बांधलं. मी त्या पायाकडे बघितलंसुद्धा नाही, कारण पिशवीतले दाणे सांडले नव्हते.

एक्स-रे

जखम वरून भरली. महिना-दीड महिना गेला आणि शिकवताना पाय आतून ठणकायला लागला. दुखण्याचे प्रकार मला तोवर फारसे माहीत नव्हते. हे दुखणं चालताना कमी आणि निजल्यावर जास्त व्हायचं. मग हुडहुडी भरून ताप आला, नडगी सुजून चकाकायला लागली, आणि अण्णानं, माझ्या थोरल्या भावानं, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला. मी समोर बसले होते, पण ते बोलले अण्णाशी. "हाडात पू झालाय. कापून बाहेर काढावा लागेल. दिवस लागतील."

"किती दिवस?" मी विचारलं.

"बघू," ते अण्णाला म्हणाले.

तिथेच मला पहिला राग आला. तो राग पुढे फार कामाला आला. भीती अंग गारठवते, आणि राग निदान उठून बसायचं बळ देतो. ज्यांना राग येतो त्यांनी तो गिळू नये, असं मी मनापासून सांगते. फक्त सिस्टरांवर काढू नये, त्यांचे पाय आधीच दुखत असतात.

ड्रेसिंग

पू काढला, जखम उघडीच ठेवली. रोज सकाळी ड्रेसिंग. आदल्या दिवशीची पट्टी चिकटलेली असायची, ती ओली करून सोडवायची, आतली कापडी वात ओढून काढायची आणि नवी भरायची. ती वात निघताना होणारं दुखणं मी लिहून सांगणार नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे.

मी डोळे मिटून घ्यायची. पहिल्या दिवसापासून मी माझी जखम पाहिलीच नव्हती. वर्गात कुजकी, बुरशी धरलेली मुळं हातानं चिरून दाखवणारी मी, पण स्वतःच्या पायाकडे बघायचं माझं धाडस होत नव्हतं.

शेजारच्या खाटेवर नरसव्वा होत्या. तेलुगू बाई, जन्मभर विड्या वळलेल्या. दवाखान्यात तंबाखूला बंदी, तरी त्यांची बोटं चादरीवर रिकाम्या विड्या वळत असायची. माझं ड्रेसिंग सुरू झालं की त्या मोठ्यानं म्हणायच्या, "ओ सिस्टर, जरा हळू. टीचरबाई हाय, तुमच्या पोराला नापास करील!" सिस्टर हसायच्या आणि त्यांचा हात खरंच हलका व्हायचा. औषधाच्या बरोबरीनं मला त्या बाईचा आधार वाटायचा.

अव्वा रोज सकाळी यायची. आमच्या गोतावळ्यातल्या सगळ्यांनी, म्हणजे चुलत्या, आत्या, गल्लीतले, काही ना काही आणलं. कुणी पाला, कुणी लेप, कुणी गावठी तूप. मी सगळं परत पाठवलं. "हाडापर्यंत भोक आहे मला, चटणी भरायची जागा नाही ती," असं एका आत्याला म्हणाले, त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत.

रिपोर्ट

ताप हटेना. इंजेक्शनं टोचून टोचून कमरेला जागा उरली नाही. मग पुवाची तपासणी झाली आणि रिपोर्ट आला, की पोटातून किंवा सुईनं द्यायच्या ज्या ज्या औषधांची आशा होती, त्यांतलं एकही या जंतूंवर चालत नाही.

डॉक्टर या वेळीही अण्णाशीच बोलले. सूज गुडघ्याकडे सरकते आहे, विष रक्तात गेलं तर जीव जाईल, गुडघ्याच्या वर पाय काढावा हे बरं.

अण्णाचं बाजारात आडतीचं दुकान. माणूस वाईट नाही, पण कुठलाही तिढा आला की लवकर निकाल लावायची त्याला सवय. खाटेशी येऊन म्हणाला, "जीव वाचला म्हंजे झालं की, महानंदा. आमी हावोत की सांभाळायला."

अव्वा पलीकडे उभी होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "लगीन न्हाय, आता पाय बी न्हाय. काय व्हायचं गं हिचं?"

मी चौतीस वर्षांची होते. पगार मिळवत होते. मला त्या क्षणी दोघांचा इतका संताप आला की अंगातला ताप विसरले. "पाय माझा आहे," मी म्हणाले. "सही करायची झाली तर मी करीन. आणि मी अजून करत नाही."

डॉक्टरांनी चार-पाच दिवसांची मुदत दिली. त्यापुढे ताप वाढला तर ते ऐकणार नव्हते, आणि त्यांचं चुकत होतं असं मी म्हणत नाही. सगळे गेल्यावर मी पांघरूण तोंडावर घेऊन रडले. नरसव्वांनी ते पाहिलं. त्यांनी आपला चहा माझ्या पेल्यात ओतला.

दुपारी सुमन आली. सुमन आमच्याच कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, बुधवार पेठेत राहते. बाबासाहेबांची जयंती आणि तिची प्रयोगशाळा, या दोन ठिकाणी हयगय झालेली तिला खपत नाही. पेवातल्या ज्वारीवर आम्ही दोघी मिळूनच काम करत होतो. मी दाण्याचं पीठ मिठाच्या पाण्यात भिजवून अर्क काढायचा, आणि तिनं तो जंतूंवर तपासायचा. उथळ काचेच्या प्लेटमध्ये आगर नावाच्या घट्ट खळीचा थर असतो, त्यावर जंतू पसरतात. वर अर्कात बुडवलेली कागदाची टिकली ठेवायची. अर्कानं जंतू मेले तर टिकलीभोवती स्वच्छ रिंगण पडतं. औषधांची तपासणीही अशीच करतात.

मी तिला रिपोर्ट सांगितला. ती म्हणाली, "दवाखान्याच्या प्लेटा मी बघितलेल्या न्हाईत. मी बघितल्याशिवाय माझा विश्वास न्हाई. तुझा पू दे."

"घाण वाटणार नाही?"

"रोज काय अत्तर तपासते का मी?"

सिस्टरना विचारून तिनं माझ्या जखमेतला पू कापसाच्या काडीवर घेतला, नळीत घातला आणि पर्समध्ये ठेवून सायकलनं गेली.

रिंगण

दुसऱ्या दिवशी सुमन आली ती डोळे चमकवत. माझ्या जंतूंच्या प्लेटवर तिनं दवाखान्यातल्या औषधांच्या टिकल्या ठेवल्या होत्या, आणि शेजारी आमच्या ज्वारीच्या अर्काची एक. औषधांच्या टिकल्यांना कोरडी, राखाडी वाढ अगदी चिकटून आली होती. ज्वारीच्या टिकलीभोवती मात्र रिंगण पडलं होतं.

मला काय वाटलं ते कसं सांगू? ज्या दाण्यांपायी पाय फुटला तेच दाणे पाय वाचवणार, असं वाटलं. खाटेवर नाचता आलं असतं तर नाचले असते. अण्णा तिथंच होता. तो म्हणाला, "मग लाव की! वाट कसली बघताव?"

"लाव," मीही म्हणाले.

सुमननं मान हलवली. "काल हाच अर्क मी रक्तावर टाकला. कोंबडीच्या न्हाई, माझ्या स्वतःच्या. तांबड्या पेशी फुटून पाणी झालं. ह्याला जंतू कोण आणि तू कोण, ते कळत न्हाई. हाडात घातलं तर आत काय करील ते मला सांगता येत न्हाई, आणि तुलाबी येत न्हाई."

"पाय जाणारच आहे ना? मग काय बिघडलं?"

"पाय जाणार हाय. तू जाणार न्हाईस. मी न्हाई देणार," असं म्हणून तिनं नळी पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन लावली.

मी तिच्याशी भांडले. मैत्रीचा, जातीचा, कशाचा विचार न करता तोंडाला येईल ते बोलले.  "बोल, बोल," ती म्हणाली, "ताप उतरंल तेवढाच." त्या दिवशी ती चेन तिनं लावली नसती तर, हा विचार मला अजून येतो.

तिसऱ्या दिवशी तीच प्लेट घेऊन ती परत आली. चेहरा पडलेला. प्लेट माझ्या हातात देऊन म्हणाली, "नीट बघ. रिंगणात."

रिंगण आता रिकामं नव्हतं. स्वच्छ जागेत मोहरीहून निम्म्यानं लहान, सोनेरी ठिपके उगवले होते.

"म्हंजे तुझ्या जंतूला आपली ज्वारी मारत न्हाई," सुमन म्हणाली. "माझी घाई झाली."

मी प्लेट खिडकीच्या उजेडात धरली. एकदा, दोनदा फिरवली. बाहेर सगळीकडे राखाडी, कोरडं, पसरट. आत गोल, चकचकीत, सोनेरी. ही एका घरची माणसं दिसत नव्हती.

"सुमन," मी म्हणाले, "हे जिवंत राहिले ते माझे जंतू धरू. मग मेले ते कोण होते?"

 तिनं प्लेट माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतली. दोन जातींचे जंतू होते. राखाडी जात झपाट्यानं पसरते, ती पहिल्याच दिवशी सगळ्या प्लेटवर अंथरली गेली होती आणि तिच्याखाली हे सोनेरी दबून गेले होते. दवाखान्यातही तेच झालं असणार. औषधं चालत नाहीत असा जो रिपोर्ट आला तो या राखाडीचा होता. हाड नासवत होते ते सोनेरी, आणि त्यांची तपासणी कुणी केलीच नव्हती. ज्वारीनं माझा रोग मारला नाही. मधली गर्दी तेवढी हटवली, आणि खरा चोर उघडा पडला.

"राखाडी तर धुळीतली, मातीतली जात वाटतीय," सुमन म्हणाली. "वरून पडल्याली. पण एवढी? तुझ्या पायात माती कुठनं येतीय?"

पेवाची माती म्हणावी, तर ते होऊन किती दिवस झाले होते. सुमन सोनेरी ठिपके वेगळे वाढवायला घेऊन गेली. माती कुठून येते ते शोधायचं काम माझ्याकडे राहिलं, आणि ते डोळे मिटून होण्यासारखं नव्हतं.

डोळे उघडे

पुढच्या सकाळी सिस्टरनी पट्टी सोडली. मी उशीला टेकून बसले आणि बघितलं. नडगीच्या मधोमध लांबट खड्डा, कडा लाल, आणि तळाशी पिवळट पांढरं काहीतरी. ते माझं हाड होतं. मला वाटलं होतं मी बेशुद्ध पडेन. पडले नाही. उलट इतके दिवस न बघता ज्याला भ्याले ते यापेक्षा फार मोठं होतं. शक्य असेल तर आपली जखम आपण बघावी, एवढंच सांगेन.

सिस्टर नवी वात आणायला कपाटाकडे वळल्या. तेवढ्यात अव्वा पुढे झाली. कमरेच्या पिशवीतून तिनं डबी काढली, ओठ पुटपुटले, आणि अंगठ्या-बोटाची चिमूट उघड्या जखमेवर अलगद सोडली. आमच्या घरची विभूती. शेणाच्या राखेच्या पांढऱ्या वड्या, सकाळी पाण्यात ओल्या करून आम्ही कपाळाला तीन बोटं ओढतो. ती ओली वडी त्या डबीत वर्षानुवर्षं राहते, त्याच डबीत नवी येते.

मी डोळे मिटून असायची, म्हणून मला कधी कळलं नाही. सिस्टर रागावतील म्हणून ती त्यांच्या पाठीमागे लावायची. रोज.

"अव्वा, हे काय केलंस?"

ती दचकली, पण माघार घेणारी नव्हती. आमच्या घरात तो गुण तिच्याकडूनच आलाय. "इबत्ती हाय. सिद्धेश्वराच्या पायाला लावून आणलीया. डॉक्टर त्येंचं औषध देतोय, मग देवानं काय रिकामं बसायचं?"

 मी हात पुढे करून डबी मागितली. दुपारी सुमननं त्यातली चिमूट नव्या प्लेटवर टाकली. दुसऱ्या दिवशी प्लेटवर तीच राखाडी चादर होती. आणि वेगळ्या वाढवलेल्या सोनेरी ठिपक्यांवर, पेनिसिलिनच्याच घराण्यातल्या एका नव्या औषधाच्या टिकलीभोवती, रुपयाएवढं रिंगण पडलं होतं.

मोठ्या डॉक्टरांशी

सुमन दोन्ही प्लेटा घेऊन उभी राहिली. मोठ्या डॉक्टरांनी त्या बघितल्या. त्यांचा एक शिकाऊ मदतनीस हसून म्हणाला, "म्हणजे जखमेत विभूती? हे बघा आपले लोक!"

"माझ्या आईला हसायचं नाही," मी म्हणाले. "तुमची तपासणी चुकली तेव्हा मी हसले नव्हते."

 मोठ्या डॉक्टरांनी पहिल्यांदाच खुर्ची ओढली आणि माझ्याकडे तोंड करून बसले. खरं सांगते, त्या माणसाबद्दल माझा राग तिथंच निम्मा उतरला.

"नुसत्या औषधानं होणार नाही," ते म्हणाले. "आत हाडाचा तुकडा मेलाय. मेलेल्या हाडात रक्त जात नाही, म्हणून औषधही जात नाही. तो काढतो, आतून पू घेतो, तुमच्या या बाईंना देतो. त्यातही हेच सोनेरी निघाले तर हे औषध चालू. पण ऐका. ताप उतरला नाही, सूज गुडघ्यावर चढली, तर मी पाय काढणार. तेव्हा हुज्जत नको."

"नाही घालणार," मी म्हणाले. "पण तेव्हाही मलाच विचारायचं."

"तुम्हालाच विचारीन."

सही मी केली. 

कपाळ

ऑपरेशनच्या सकाळी अव्वा आली ती मोकळ्या कपाळानं. जन्मात मी तिला तसं पाहिलं नव्हतं. आजारी असो, सुतक असो, कपाळावर तीन पट्टे असल्याशिवाय ती पाणी पीत नसे. अण्णानं घरी तिला सगळं सांगून टाकलं होतं, आणि त्याच्या सांगण्यात हळुवारपणा नसतो.

ती खाटेच्या कडेला टेकली. "माज्यामुळं व्हय गं पोरी?"

"नाही. हाड दगडावर फुटलं."

"खोटं बोलू नगो. मी लावत गेले आनि..."  इतकी खमकी बाई, माझ्या देखत हुंदके देऊन रडली.

मला खूप काही म्हणायचं होतं. तिनं ती चिमूट लावताना तिच्या बोटांत जेवढी माया होती, तेवढी मला कुणी दिली नाही, हे म्हणायचं होतं. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "नवी वडी आणलीस का?"

तिनं मान हलवली. आणली होती, लावायचं धाडस नव्हतं.

"मग लाव. हितं," मी कपाळावर बोट ठेवलं. "हितं लाव, पायाला नको. आणि आधी स्वतःला लाव. अशा कपाळानं तू दारात थांबलीस तर मीच आत जायची नाही."

तिनं आधी स्वतःला लावली, मग मला. पट्टे वाकडे आले. नरसव्वा पलीकडून म्हणाल्या, "मलाबी लावा की अव्वा, माझं काय पाप हाय?" अव्वानं त्यांनाही लावली. स्ट्रेचर हललं तेव्हा दोघी म्हाताऱ्या पांढऱ्या कपाळानं मला हात करत होत्या. मी भीत होते. पाय जाईल म्हणून भीत होते, आणि तो गेला तर अव्वाला जन्मभर काय वाटेल म्हणून जास्त भीत होते.

नंतर

करंगळीएवढा तुकडा निघाला, कोरलेल्या लाकडासारखा. आतल्या पुवात फक्त सोनेरी होते. औषध सोलापुरात मिळेना, अण्णा पुण्याला जाऊन घेऊन आला आणि आल्या आल्या माझ्या खाटेखाली चादर टाकून झोपला. त्या दिवशी मी त्याला मनातल्या मनात माफ करून टाकलं.

सूज आधी थांबली. मग एका सकाळी मला भूक लागली. भूक लागली म्हणून मी रडले. अव्वानं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणली, पण चावायची ताकद नव्हती, म्हणून दुधात कुस्करून खाल्ली. ताप उतरायला वेळ लागला, पण उतरला. जखम भरायला तर पुढचे कित्येक महिने गेले, कुबड्या गेल्या, काठी आली, काठीही गेली. मध्ये दोनदा पू आला आणि दोन्ही वेळा मला वाटलं, संपलं. तेव्हा तुमच्याही घरी असं झालं तर लगेच हाय खाऊ नका.

नरसव्वा माझ्या आधी घरी गेल्या. जाताना म्हणाल्या, "टीचरबाई, पोरांना पास करा आता."

लोक विचारतात, मग त्या ज्वारीचं पुढं काय? दाण्यातलं हत्यार खरं आहे. मी ते डोळ्यांनी पाहिलंय. एक दिवस कुणीतरी ते असं वळवील की जंतू मरतील आणि रक्त शाबूत राहील, असं मला वाटतं, आणि तोवर मी आणि सुमन आमच्या परीनं भिजवत, गाळत, टिकल्या ठेवत राहणार. पण ते होईपर्यंत कुणी पीठ, पाला, राख घेऊन तुमच्या उघड्या जखमेकडे आलं तर हात धरा. आणि हात धरल्यावर त्या माणसाचा अपमान करू नका. मी आत्याचा केला, ते तेवढं बरोबर नव्हतं.

पाऊसपाणी बरं झाल्यावर मामांनी पेव पुन्हा भरलं. यंदा ते उघडायची वेळ आली, तेव्हा मी सुमनला घेऊन गेले. निघायच्या आदल्या दिवशी अव्वानं सुमनला हाताला धरून आमच्या स्वयंपाकघरात नेलं आणि चुलीशेजारी बसवून वाढलं. आमच्या घरात हे पहिल्यांदा घडत होतं, सगळे दाराशी जमून बघत होते. सुमननं घास घेतला आणि म्हणाली, "अव्वा, भाकरी लई कडक हाय." अव्वा म्हणाली, "दात शाबूत हायत न्हवं? खा मुकाट्यानं."

मामांच्या गावी सकाळी पेवाचं तोंड उघडलं. वारा जाऊ दिला. सुमननं कंदील खाली सोडला, तो तेवत राहिला. मामा काही बोलायच्या आत अव्वाच म्हणाली, "ती उतरंल. तिला दाणा वळखाया येतो." माझ्या कपाळावर तिनं तीन बोटं ओढली, दोर स्वतःच्या हातात घट्ट धरला, आणि तोंडाच्या दगडावर जुनं गोणपाट दुमडून ठेवलं.

मी काठावर बसले, दोन्ही पाय आत सोडले आणि खाली उतरले.